आवर्तसारणीची साडी नेसणाऱ्या बाई

आमच्या शाळेत परीक्षेच्या दिवसांत एका बाईंना कोरी साडी नेसून येण्याची सूचना होती. मुख्याध्यापकांनी ती आधी तोंडी दिली. काही फरक पडत नाही असं दिसल्यावर सूचनावहीत लिहिली आणि शिपायाकडून वर्गावर्गांतून फिरवली. "पर्यवेक्षणास येताना शिक्षिकांनी मजकूर नसलेली वस्त्रे परिधान करावीत." शिक्षिका आम्ही सात-आठ जणी होतो, पण मजकूर एकीच्याच अंगावर असायचा. बाईंनी खाली सही केली आणि सहीशेजारी लिहिलं, "आकृती चालेल काय?"

गेवराईच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. ज्या साडीवरून हे सगळं झालं ती पांढरी सुती साडी होती, आणि तिच्यावर हायड्रोजनपासूनची सगळी आवर्तसारणी निळ्या रंगात छापलेली होती. छापणाऱ्या बाईच. दवाखान्यातून जुन्या एक्स-रेच्या फिल्मा मागून आणायच्या, ब्लेडनं त्यांत अक्षरं कोरायची, फिल्म कापडावर ठेवून वरून स्पंजचा बोळा रंगात बुडवून दाबायचा. फिल्म धुऊन पुन्हा वापरता येते, पुठ्ठा भिजून फुगतो, हे त्या कुणी न विचारता सांगायच्या. खांद्यावरून मागं पडणाऱ्या पदरावर हेलियम, निऑन वगैरे निष्क्रिय वायू होते. ते कुणात मिसळत नाहीत म्हणून त्यांना पाठीमागं टाकलंय, असं त्यांचं म्हणणं. खालच्या ओळी निऱ्यांत जायच्या. मी अंबाजोगाईहून तिथं मराठी शिकवायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना निऱ्यांकडं बोट करून विचारलं होतं, "इथं काय आहे?"

"दुर्मिळ मूलद्रव्यं," बाई म्हणाल्या. "ती अशी सहजी दिसत नसत्यात."

सहामाहीच्या पेपराला त्या वर्गात फिरायला लागल्या की मुलींच्या माना वर व्हायच्या. एकीनं हळूच म्हटलं, "बाई, जरा मागं वळता का? पदर दिसंना." आणि बाई वळल्या. मुलीला पदराचं कौतुक वाटतंय असं त्यांना वाटलं की त्यांना सगळं कळत होतं, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "उत्तर कुठं हाय हे जिला कळलं, तिला निम्मं आलंच की."

अशा बऱ्याच साड्या होत्या. एकीच्या काठावर चंद्राच्या कला होत्या. पौर्णिमा बरोबर खांद्यावर यायची आणि अमावस्या कमरेला खोचलेली असायची. एकीवर नुसत्या लाटा होत्या, आखूड आणि लांब, म्हणजे ध्वनीचा धडा. बाजारपेठेत त्यांच्या यजमानांचं किराणा दुकान होतं. शांत गृहस्थ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज कधी चढलेला ऐकला नाही. बाई त्यांना घरीदारी 'दुकानदार' म्हणायच्या. त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या बाहीवर बाईंनी मनगटापासून कोपरापर्यंत सेंटिमीटरच्या खुणा भरतकामानं काढून दिल्या होत्या. सुतळी मागायला कुणी आलं की ते हात लांब करायचे आणि बाहीवर मोजून द्यायचे. गिऱ्हाइकं सुरुवातीला हसली. नंतर शेजारच्या कापडवाल्यानं तसाच सदरा शिवून मागितला.

बायकांच्या कपड्यांना खिसा नसतो याचा बाईंना मनापासून राग होता. माझी त्यांची पहिली ओळख त्यावरूनच झाली. शिक्षकांच्या खोलीत मी समोर बसले होते, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खडू कुठं ठेवतीस?"

"हातात."

"अन् हात कुठं ठेवतीस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून परकर मागवून घेतला आणि त्याला उजव्या बाजूला आतून खोल खिसा लावून दिला. खिशाचं तोंड तिरकं कापलं होतं, म्हणजे सायकलवर बसलं तरी किल्ली पडत नाही. वर्षभरात शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांना खिसे झाले. मुख्याध्यापकांच्या सौभाग्यवतींनासुद्धा.

पण बाईंचा जीव खरा रमायचा तो गॅदरिंगच्या वेशांत. तो काळच तसा होता. नुकती केबल आलेली. ज्या घरात केबल आली त्या घरात गल्ली जमायची, आणि तिथं काय बोलतात हे न कळताही मुली डोळे फाडून बघायच्या. तोपर्यंत आमच्याकडं वेशभूषा म्हणजे राणी, वीर, संत आणि भाजीवाली. केबल आल्यावर मुली येऊन सांगायला लागल्या, बाई मला अंतराळात जायचंय, बाई मला तो डोळ्यातून उजेड पाडणारा माणूस व्हायचंय. इतर शिक्षक त्यांना हाकलून द्यायचे. बाई विचारायच्या, "उजेड कोणत्या रंगाचा?"

सामान कुठून आणायचं, याचं त्यांचं एक शास्त्र होतं. गावात कुणाकडं फ्रिज आला की लोक फ्रिज बघायला जायचे, बाई खोकं बघायला जायच्या. मुख्य रस्त्यावर टीव्ही-फ्रिजचं नवं दुकान झालं होतं. त्याच्या मागच्या अंगाला जाऊन त्या खोकी, थर्माकोल, फुग्याफुग्यांचा प्लॅस्टिक कागद असं सगळं हातगाड्यावर घालून आणायच्या. दुकानातला पोऱ्या त्यांना गिऱ्हाईक समजून खुर्ची द्यायचा. अंतराळवीराला चंदेरी कापड हवं, ते गेवराईत मिळेना, तेव्हा त्यांना गुटख्याच्या पुड्या सापडल्या. पुडी उलटी केली की आतून चंदेरी असते. मुलींनी चिमट्यानं रस्त्यावरच्या पुड्या गोळा केल्या, सोड्याच्या पाण्यात उकळून धुतल्या, सपाट करून जुन्या चादरीवर एकीशेजारी एक शिवल्या. पोशाख उभा राहिला तेव्हा डोळे दिपावेत असा झाला. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाप जे खाऊन थुंकतो, त्याच्यावर लेक चंद्रावर चालली बघ."

शिरस्त्राणं त्या घमेल्यावर किंवा माठावर करायच्या. आधी माठाला साबण चोळायचा, नाहीतर कागद सुटत नाही. मग वर्तमानपत्राचे तुकडे खळीत भिजवून चिकटवायचे, एक थर उभा, एक आडवा. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे उंदीर आणि झुरळं लागत नाहीत. आणि मोरचुदाची खळ हाताळली की हात साबणानं धुतल्याशिवाय कुणी डब्याला हात लावायचा नाही. हा नियम मोडला तर बाईंचा आवाज चढायचा. एरवी नाही. मोठ्या डोक्याचं माप लागलं की माठाऐवजी दुकानदारांना बोलावलं जायचं. ते बिचारे डोक्याला फडकं गुंडाळून, डोळे मिटून प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसायचे. बाई त्यांच्या डोक्यावर थर चढवता चढवता विचारायच्या, "जड होतंय?" ते म्हणायचे, "न्हाई. पर दुकान उघडं हाय."

वेश पुरा झाला की त्याच्या तीन परीक्षा असायच्या. अंगावर घालून खाली बसून दाखवायचं. तांब्याभर पाणी पिऊन दाखवायचं. आणि मोरीत जाऊन यायचं. यांतलं एक जरी जमलं नाही तरी वेश उसवायचा, मग तो कितीही देखणा असो. एका मुलीची ड्रॅगनची शेपटी त्यांनी गॅदरिंगच्या आदल्या दिवशी निम्मी कापली. मुलगी रडली. बाईंनी तिला जवळ बसवलं आणि स्वतःची गोष्ट सांगितली. लहानपणी परळीला त्या एका नाटुकल्यात झाड झाल्या होत्या. आईनं पोत्यात शिवून, वरून फांद्या बांधून उभं केलं. पाहुण्यांचं भाषण संपेना. "झाड हाय म्हणल्यावर हलता येत न्हाई," बाई म्हणाल्या. "मग काय, झाडाला पाणी सुटलं. समदा परळी गाव हसला. तवापासून मी ठरवलं, वेश कसा का असंना, आतल्या माणसाचे हाल न्हाई झाले पायजेत." रडणारी मुलगी हसायला लागली आणि शेपटीचा तुकडा स्वतःच उचलून ठेवला.

मुलीला जे घालायला लावायचं ते त्या आधी स्वतः एक अख्खा तास घालून बघायच्या, आणि तो तास म्हणजे शाळेचा तास. रोबोटचं डोकं घालून त्यांनी नववीला प्रकाशाचं परावर्तन शिकवलं आहे. असंच एकदा नाकतोड्याचा वेश अंगावर चढवून त्या सातवीवर होत्या. जादाचे चार पाय म्हणजे मोज्यांत भुसा भरून कमरेला बांधलेले. नेमके तेव्हा शाळा तपासायला अधिकारी आले. साहेब दारात थबकले, मग सावरून त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "कीटकाला पाय किती असतात?"

मुलगी उठली आणि बाईंकडं बघून मोजायला लागली. बाई जरा बाजूला वळल्या, तिला नीट दिसावं म्हणून. मुलगी म्हणाली, "सा." वहीत सही केली, आणि जाताना बाईंच्या एका लोंबणाऱ्या पायाला हळूच हात लावून बघितला. भुसाच आहे का, म्हणून असेल.

आता बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. लेकीकडं लातूरला असतात, कधीमधी फोनवर बोलणं होतं. दुकानदार गेले. गेवराईतल्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता स्वतःच्या पोरांचे वेश करतात आणि अडलं की त्यांना विचारतात, थर्माकोल कापायला तार किती तापवायची, रंग फुटतोय तर काय करू. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की लोक साडीची गोष्ट सांगतात, नाकतोड्याची सांगतात. मला मात्र आधी कौसा आठवते.

कौसा सातवीत होती. चकलांब्याच्या एका मेंढपाळाची मुलगी, शिकायला गेवराईत मावशीकडं राहायची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळं डाव्या पायाला मांडीपासून खालपर्यंत लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली जड बूट. व्हरांड्यातून ती येत असली की आधी खटखट ऐकू यायची. हुशार होती, पण हात वर करायची नाही.

त्या वर्षी बाईंच्या डोक्यात रोबोट होता. चालणारा, आवाज करणारा. त्यांनी कौसाला निवडलं. पायातल्या लोखंडी पट्ट्यांना जोड म्हणून त्यांनी दुसऱ्या पायालाही पत्र्याच्या तशाच पट्ट्या केल्या, छातीवर खोक्याची पेटी, त्यात लुकलुकणारे बल्ब. मला म्हणाल्या, "हिची चालच खरी रोबोटची हाय. ह्या पायाकडं बघून लोक टाळ्या वाजवत्याल. बघ तू." त्यांचे डोळे चमकत होते. मलाही ती कल्पना फार आवडली.

तालमीच्या दिवशी कौसाला सगळं चढवलं. बाई म्हणाल्या, "चाल." कौसा उभी राहिली. पुन्हा म्हणाल्या, "चाल की गं." ती नुसती उभीच. मग तिनं हळूहळू छातीवरची पेटी सोडली, पत्रे सोडले, नीट बाकावर ठेवले आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मावशीकडून कळलं, वडील येऊन तिला गावी घेऊन गेले.

रविवारी सकाळी बाई माझ्या दारात उभ्या. "चल, चकलांब्याला जायचंय."

एसटीतून उतरून आम्ही विचारत विचारत गेलो. कौसाच्या वडिलांची मेंढरं गावाजवळच एका रानात खतासाठी बसवलेली होती. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं छप्पर. कौसा छपराखाली ज्वारी निवडत होती. आम्हाला बघून तिनं मान खाली घातली. तिचे वडील रानातून आले, उंच, खांद्यावर घोंगडी. आम्हाला त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला, सगळं रीतसर केलं आणि मग म्हणाले, "येवढ्या लांब कावून आलात बाई?"

"कौसा शाळेत आली न्हाई."

"आता न्हाई यायची ती." ते अगदी शांतपणे बोलत होते. "मेंढरामागं तिला फिरता येत न्हाई. म्हनलं, शाळेत बसून शिकंल. तिथं बी समद्यांपुढं तिचा पायच दाखवायचा आसंल, तर घरी काय वाईट हाय? भाकरी करंल, बसंल."

बाई त्यांच्याशी वाद घालतील असं मला वाटलं. त्या उठल्या, कौसाच्या शेजारी जाऊन खाली मातीत बसल्या. सुपातली ज्वारी त्याही निवडायला लागल्या. मग म्हणाल्या, "माझ्याशी भांड तरी. गप नको बसू."

कौसाच्या हातातली ज्वारी तशीच राहिली. "समद्या पोरी मला आदीच म्हनतेत, आली गाडी. तुमी तेच खरं केलं. मी मशीन न्हाई बाई."

बाईंनी हात झटकले, पदरानं तोंड पुसलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लोखंड हायच तर लोखंडाचं कायतरी करावं. मी पाय बघितला. तुला इचारलंच न्हाई."

कौसाचे वडील चहाची कपबशी घेऊन येत होते, ते दारातच थांबले. शाळेची बाई त्यांच्या लेकीला चुकलं म्हणते आहे, हे त्यांना नवीन असावं.

"आता इचारते," बाई म्हणाल्या. "तुला काय व्हायचंय?"

"तुमाला म्हाईत न्हाई ते."

"सांग तर."

कौसानं हाताची पाची बोटं खाली लोंबवली आणि मिटून उघडून दाखवली. "मावशीच्या शेजारी टीव्हीवर दाखवत्यात. समुद्रात आसतंय. छत्रीवानी. पाय न्हाईत त्याला, नुसत्या झालरी. आसं मिटतंय, उघडतंय अन् वर जातंय. त्याला वजनच न्हाई बाई."

"जेलीफिश," बाई मला म्हणाल्या. मग कौसाला, "तेच कावून आवडलं गं?"

"ते चालत न्हाई," कौसा म्हणाली. "तरी जातंय."

वडिलांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. लोक हसतील, एवढंच म्हणाले. बाई म्हणाल्या, "गॅदरिंगपुरती पाठवा. त्याच्यापुढं तुमची लेक, तुमी बघा." परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दोन्ही बाजूंना तुरीची वाळलेली रानं. मधेच मला विचारलं, "गेवराईत समुद्र कुठून आणायचा गं?"

पुढचे दिवस प्रयोगशाळेत दुसरं काही चाललं नाही. दुकानातली मोठी छत्री आणली, काळं कापड सोडवून काड्यांचा सांगाडा तेवढा ठेवला, आणि त्यावर जुनी मच्छरदाणी नीळ घालून किंचित निळसर करून ताणली. झालरींसाठी मच्छरदाणीच्याच पट्ट्या, फ्रिजबरोबर आलेला फुग्यांचा कागद, आणि बिघडलेल्या कॅसेटींमधली तपकिरी फीत. ती फीत उन्हात अशी चमकायची की वाटावं ओली आहे. छत्रीच्या दांड्यावरची सरकती नळी दोरीनं खाली ओढली की छत्री अर्धी मिटायची, सोडली की उघडायची. दोरीचं टोक कौसाच्या हातात.

बाईंचा पहिला बेत होता की कौसानं झालरींच्या आड चालावं, पट्ट्या कुणाला दिसणार नाहीत. कौसानं मान हलवली. "ते चालत न्हाई बाई." बाईंनी या खेपेला लगेच ऐकलं. गॅरेजमधून जुनी बेरिंगं आणली, पाटाखाली बसवली. कौसानं पाटावर बसायचं, पायातलं लोखंड काढून ठेवायचं, आणि चांगल्या पायानं झालरींच्या आतून ढकलायचं. नेहमीप्रमाणं बाईंनी आधी स्वतः बसून बघितलं. छत्रीखाली त्या प्रयोगशाळेभर सरकत होत्या तेव्हा मुख्याध्यापक दारात आले. आतून आवाज आला, "बाजूला व्हा सर, ब्रेक न्हाई." सर वेळेवर बाजूला झाले.

सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. या प्राण्याला मराठीत काय म्हणून पुकारायचं हे मला कळेना. मी जलछत्री असं नाव सुचवलं. कौसा म्हणाली, "छत्री म्हनलं की लोक छत्रीच बघत्याल. नाव नगं. मीच सांगते."

गॅदरिंग दुपारी होतं, संध्याकाळी वीज असेल याचा भरवसा नसायचा. मैदानात सिमेंटचा ओटा, समोर सतरंज्या, मागं खुर्च्या, आणि त्यांच्याही मागं भिंतीला टेकून उभे असलेले लोक. त्यांत कौसाचे वडील होते. मी खुर्ची दाखवली, ते बसले नाहीत. ओट्याच्या बाजूला बाईंनी कौसाच्या पायातल्या पट्ट्या सोडवल्या, तिला पाटावर बसवलं, छत्रीचा दांडा पाटात रोवून दोरी हातात दिली. मग त्या बाजूला उभ्या राहिल्या. तो जड बूट, लोखंडी पट्ट्यांसकट, त्यांनी तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरला होता.

कौसा ओट्यावर सरकत आली. छत्री मिटत होती, उघडत होती, झालरी मागं तरंगत होत्या. हे काय आहे हेच कुणाला कळलं नव्हतं. अर्ध्या ओट्यावर सिमेंटच्या फटीत एक बेरिंग अडकलं. पाट कलला, छत्री एका बाजूला झुकली. मागून कुणीतरी ओरडलं, "छत्री उलटी झाली बे!" हशा झाला.

मी माईक ठेवून धावले. बाईंनी माझा दंड धरला. "थांब," त्या म्हणाल्या. "तिला काढू दे." त्यांनी दंड सोडला नाही.

कौसानं अंगाचा भार दुसऱ्या बाजूला टाकला. एकदा, पुन्हा एकदा. बेरिंग सुटलं. ती तशीच सरकत पुढं आली, थेट माझ्या माईकपर्यंत, दोरी ओढली, सोडली आणि छत्री पुरी उघडली.

"मी छत्री न्हाई," ती म्हणाली. आवाज आधी बारीक होता, मग लागला. "मी समुद्रात ऱ्हाते. मला हाडं न्हाईत. कनाच न्हाई, तर मोडंल काय? मला पाय न्हाईत अन् मला ते लागत बी न्हाईत. पानी मला उचलून धरतं. मी माशांच्या आदीपासून हाय." मग तिनं समोरच्या गर्दीवर नजर फिरवली. "गेवराईत मी पयल्यांदाच आले. पर हितं पानी लई कमी हाय, म्हनून जास्त येळ थांबत न्हाई."

आता जे हसणं झालं ते वेगळं होतं. मागं ओरडलेला माणूसही हसत होता. कौसानं पाट वळवला आणि आली तशी निघून गेली, मिटत, उघडत. टाळ्या ती ओट्यावरून दिसेनाशी झाल्यावरही चालू होत्या.

बक्षीस तिला मिळालं नाही. पाहुण्यांनी ते घोड्यावरच्या राणीला दिलं आणि भाषणात छत्रीचं कौतुक केलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही, कौसाला तर नाहीच. कार्यक्रम संपून खुर्च्या उचलल्या जात होत्या तरी ती मोकळ्या ओट्यावर फेऱ्या मारत होती. तिला गाडी म्हणणाऱ्या मुली पाळी लावून तिच्यामागं उभ्या होत्या, आम्हाला बसू दे म्हणून. ती एकेकीला कसं बसायचं ते दाखवत होती.

तिचे वडील ओट्याजवळ आले. मग बाईंना म्हणाले, "त्याला खरंच हाडं नसत्यात?"

"नसत्यात."

"मग त्ये जगतं कसं?"

"पाणी धरतं त्याला," बाई म्हणाल्या.

त्यांनी मान डोलावली. पुढं होऊन बाईंच्या हातातला बूट घेतला, कौसाला हाक मारली आणि ओट्याच्या पायरीवर बसून तिच्या पायाचे पट्टे एकेक करून बांधायला लागले. शेवटचं बक्कल लावताना मान वर न करता त्यांनी विचारलं, "सोमवारी शाळा कवा भरती?"

"साडेधाला," बाई म्हणाल्या. "डबा देऊन पाठवा. दुपारनं तिला पोरींना शिकवायचंय."